काळ्या चबुतऱ्याचा चौक

जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटची पहिली घोडदळ पलटण मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, औरंगाबादच्या छावणीत येऊन थांबली होती. आपल्याला उत्तरेकडे नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढवणार, अशी कुजबुज शिपायांमध्ये सुरू झाली. बऱ्याच जणांनी तसे लढायला साफ नकार दिला. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज जूनअखेरीस येऊन पोचली आणि शिपायांना ओळीत उभे करून बंडखोरांची नावे वाचली जाऊ लागली. तेव्हा मीर फिदा अली या दफेदाराने कॅप्टन अ‍ॅबट या आपल्याच अधिकाऱ्यावर गोळी झाडली. नेम चुकला. फिदा अलीला फासावर चढवले गेले. पुढच्या काही दिवसांत सुमारे दोन डझन शिपायांना ठार करण्यात आले. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले.

या शिक्षांशी शहराच्या आठवणीने जी जागा जोडली ती काळा चबुतरा. पैठण दरवाजाच्या दक्षिणेला, तटबंदीबाहेरची ही मोकळी जागा. लोकांनी एकत्र जमावे, पाहावे आणि घाबरून घरी जावे, एवढाच तिचा त्या काळातला उपयोग. आज तिथेच क्रांती चौक आहे. एका बाजूने पैठण गेट आणि गुलमंडीकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूने उस्मानपुरा, सिल्लेखान्याची गर्दी आणि डोक्यावर जालना रोडचा उड्डाणपूल. १९८० च्या दशकात इथे छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्याच्या जागी आलेल्या नव्या भव्य पुतळ्याचे अनावरण १८ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, शिवजयंतीच्या पूर्वसंध्येला झाले. चौथऱ्यासह त्याची उंची ५२ फूट आहे. शेजारी झाशीच्या राणीच्या नावाचे उद्यान आहे. दहशतीची जागा शहराने अभिमानाची केली, आणि या कामात पालिकेचा हात आहे. जागेला नाव देणे, पुतळा बसवणे, बाग करणे, दिवे लावणे ही सगळी पालिकेचीच कामे.

पण पालिकेने लोकांचे जगणे किती सुखाचे केले, हा प्रश्न पुतळ्यापाशी संपत नाही. माणूस शेजाऱ्याशी कसा वागतो, बाई रात्री आठला एकटी बसने घरी येऊ शकते का, म्हाताऱ्याला बसायला बाकडे आहे का, नळाला पाणी आले की दोन घरांत भांडण होते की नाही, या गोष्टींवर शहराचे समाजमन उभे असते. या शहराचा इतिहास चारशे वर्षांचा आहे आणि या बाबतीत तो फार बोलका आहे.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली तेव्हा इथे मोठी नदी नव्हती. खाम ही पावसाळी नदी. वसवलेले शहर टिकायचे तर पाणी आधी, हे त्या हबशी वजिराने ओळखले. १६१७ च्या सुमारास उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणण्याचे काम त्याने हाती घेतले. हीच नहर‑ए‑अंबरी. पंप नाही, मोट नाही. जमिनीचा उतार आणि पाण्याचा दाब, एवढ्यावर ती चालली. नळाचा दाब सांभाळायला ठिकठिकाणी उंच दगडी बंबे उभारले होते. पुढे मुघलांच्या आणि हैदराबादच्या निजामाच्या काळात आणखी नहरी आल्या. जटवाड्याच्या डोंगराकडून पाणचक्कीपर्यंत आलेली नहर त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिथे पाणी उंचावरून पडून दगडी जाते फिरवत असे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरलेले प्रवासी, विद्यार्थी, फकीर यांच्यासाठी पीठ दळले जात असे.

नहरीच्या पाण्याचे एक वैशिष्ट्य होते. ते मोहल्ल्याच्या हौदात यायचे. हौदावर माणसे भेटायची, बातम्या कळायच्या, सोयरिकी जुळायच्या. अर्थात या हौदांभोवतीही जातीची आणि पैशाची उतरंड होतीच. भूतकाळाला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. तरी शहराचा कारभार चालवणाऱ्याने पाण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली होती आणि ते पाणी अमुक दिवशी येईल की नाही याची चिंता लोकांना नव्हती, हे खरे.

उतरंडीचा विषय निघाला की महाडकडे वळावेच लागते, कारण नगरपालिका लोकांसाठी किती करू शकते आणि कुठे कच खाते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला तिथलाच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला: सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे पाणी भरता आले नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. बोले यांच्या ठरावाला प्रत्यक्षात यायला चौदा वर्षे लागली, आणि तेही नगरपालिकेच्या हातून नव्हे.

महाडच्या त्या सत्याग्रहाच्या सुमारे पन्नास वर्षे आधी पुण्यात महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी खर्च करण्याच्या बेताला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा असे सुचवले. सभागृहात ते एकटे पडले. पालिकेच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद तेव्हापासून प्रत्येक सभागृहात आहे.

औरंगाबादची नगरपालिका १९३६ ची, निजामाच्या राजवटीतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि शहराने कात टाकायला सुरुवात केली. १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, नागसेनवन वसले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी विद्यापीठ आले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली मुले पहिल्यांदाच मोठ्या संख्येने शहरात राहायला आली. त्यांची वसतिगृहे, खानावळी, सभा, मोर्चे यांतून शहराचे सार्वजनिक जीवन घडले. रेल्वे स्टेशनजवळची, मग चिकलठाण्याची आणि नंतर वाळूजची औद्योगिक वसाहत आली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि कामगारांचा ओघ वाढला. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ७३ हजार होती, २००१ मध्ये ८ लाख ७३ हजार, २०११ मध्ये पावणेबारा लाख. वीस वर्षांत दुप्पट.

या वाढीला तोंड द्यायला दोन यंत्रणा होत्या. सिडकोने १९७२ नंतर शहराच्या पूर्वेला एन‑एकपासून क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहती आखल्या. लहान उत्पन्नाच्या माणसाला घर, गल्लीला रस्ता आणि मध्ये बागेची जागा. ही नियोजनबद्ध वस्ती १ एप्रिल २००६ रोजी महापालिकेकडे सोपवली गेली. दुसरी यंत्रणा खुद्द पालिका. ८ डिसेंबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि भोवतालची अठरा गावे हद्दीत आली. ज्यांना सिडकोत घर परवडले नाही त्यांनी शेतजमिनीचे गुंठे विकत घेऊन स्टँपपेपरवर घरे बांधली. या गुंठेवारी वसाहतींत रस्ता, ड्रेनेज, मैदान यांपैकी काहीच नव्हते. शासनाने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आणला तरी पालिकेची सोय आणि लोकांची वस्ती यांतले अंतर आजवर भरून निघालेले नाही. ज्या गल्लीत पोरांना खेळायला जागा नाही त्या गल्लीत पोरे रस्त्यावर उभी राहतात, आणि रस्त्यावर उभ्या पोरांना कोणीही कुठेही नेऊ शकतो.

हे फुकाचे भय नाही. महापालिकेची पहिली निवडणूक १९८८ मध्ये झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात शहरात दंगल उसळली. १९८२ पासून त्या निवडणुकीपर्यंतची पाच वर्षे शहराला लोकनियुक्त सभागृह नव्हते. इतकी वर्षे प्रशासकाच्या हाती असलेल्या शहरात राजकारण वॉर्डाच्या नळ‑रस्त्याऐवजी भावनेच्या मुद्द्यांवर तापले, असा निष्कर्ष काढला तर तो वावगा ठरू नये.

आता पाणी. १९७६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि शहराला कायमचा स्रोत मिळाला. तिथून नळाने, चढावर पंपाने ढकलून पाणी आणले जाते. १९७० च्या दशकातली पहिली आणि १९९० च्या दशकातली दुसरी जलवाहिनी, या दोन्हींवर शहर वर्षानुवर्षे तगले. लोकसंख्या दुप्पट झाली, नळ तेवढेच राहिले. सप्टेंबर २०१४ मध्ये पालिकेने समांतर जलवाहिनीच्या योजनेसाठी पाणीपुरवठा खाजगी कंपनीच्या हाती दिला आणि २०१६ मध्ये तो करार मोडला. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. दरम्यान पाच ते आठ दिवसांआड पाणी, हीच बहुतेक वसाहतींची दिनदर्शिका झाली.

आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात काय होते? कामवाली बाई त्या दिवशी कामावर जात नाही. शाळेतल्या मुलीला घरी थांबवले जाते. पाहुणे बोलावण्याआधी पाण्याचा वार विचारला जातो. रात्री दोनला मोटार लावायला कोणीतरी जागे राहते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या दारी टँकर येतो, ज्याच्याकडे नाही तो शेजाऱ्याच्या टाकीकडे बघतो. शेजाऱ्याच्या टाकीकडे बघत जगावे लागणे ही गोष्ट मनात कुठेतरी साचत जाते.

ती साचलेली गोष्ट ११ मे २०१८ च्या रात्री फुटली. जुन्या शहरातल्या मोतीकारंजा भागात बेकायदा नळजोडण्या तोडण्याच्या पालिकेच्या कारवाईवरून कुरबूर आधीच सुरू होती. तिथून उसळलेल्या हिंसाचारात शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा पेटले, दुकाने जळाली आणि दोन माणसे मेली. दंगलीला अनेक कारणे असतात, एका नळावर सगळे ढकलता येणार नाही. पण ज्या शहरात चारशे वर्षांपूर्वी नहरीचे पाणी मोहल्ल्यामोहल्ल्यात पोचत होते, तिथे नळतोडीवरून दंगलीची ठिणगी पडावी, ही खेदाची बाब आहे. पाण्याचे समान वाटप हे पालिकेच्या हातातले सर्वांत मोठे सामाजिक काम आहे. शांतता समित्यांच्या बैठका त्यानंतरच्या.

त्याच वर्षी कचऱ्याचे झाले. दशकानुदशके शहराचा कचरा नारेगावला टाकला जात होता. त्या गावचे पाणी नासले, हवा नासली, आणि सोसायचे कोणी तर गावकऱ्यांनी. १६ फेब्रुवारी २०१८ पासून त्यांनी गाड्या अडवल्या. दररोज चारशे टनांच्या आसपास निघणारा कचरा शहराच्या रस्त्यांवर साठला. पालिकेने दुसरी जागा शोधायला मिटमिट्याकडे गाड्या वळवल्या, तिथे ७ मार्चला दगडफेक आणि लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले, पालिका आयुक्तांची बदली झाली. शहराने आपली घाण शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकावी आणि शेजाऱ्याने गप्प बसावे, या हिशोबावर कोणतीही पालिका फार काळ चालू शकत नाही.

याच काळात चांगल्या गोष्टीही घडल्या, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. जानेवारी २०१९ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतून शहर बससेवा सुरू झाली. मध्यंतरी रिक्षा आणि स्वतःची दुचाकी यांवरच भिस्त असलेल्या शहरात शाळकरी मुली, कामगार बायका, पेन्शनर यांना ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्यात फिरता येऊ लागले. बसमध्ये सिडकोतली बाई आणि किराडपुऱ्यातली बाई शेजारी बसतात. एरवी त्यांची भेट होण्याचे कारणच नव्हते.

दुसरी गोष्ट खाम नदीची. जटवाड्याच्या डोंगरातून निघून हर्सूल तलावातून शहराच्या पश्चिम अंगाने जाणारी ही नदी उघडे गटार झाली होती. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, उद्योजक आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी एकत्र येऊन तिची सफाई हाती घेतली. प्लास्टिक काढले, सांडपाणी वळवले, काठावर झाडे लावली. लोखंडी पुलाजवळ लोकांना येऊन बसता येईल अशी जागा तयार झाली. नदीकाठच्या वस्त्यांतल्या लोकांना कामात घेतले गेले, हे यातले सर्वांत शहाणपणाचे. लोक जिथे स्वतः हात लावतात ती जागा ते स्वतः राखतात.

रंगमंदिरांची कथा मात्र चढउताराची. क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे, पालिकेचे. मराठवाड्यातल्या नाटकवेड्यांच्या दोन पिढ्या इथे घडल्या. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, व्याख्याने, सत्कार, सगळे इथेच. देखभालीअभावी ते मोडकळीला आले, काही वर्षे बंद राहिले आणि दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले. ती बंद वर्षे कोणत्याही अहवालात नुकसान म्हणून नोंदलेली नसतील. पण महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या आयुष्यात ती तीन‑चार वर्षेच असतात. त्याच्या वाट्याला रंगमंच आला नाही तर तो पुढे कधीच येत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पालिकेच्या कामांची दोन कलमांत वाटणी आहे. कलम ६३ मध्ये करायलाच हवीत अशी कामे: पाणी, गटारे, दिवे, सफाई, प्राथमिक शाळा. कलम ६६ मध्ये करता येतील अशी: बागा, क्रीडांगणे, वाचनालये, रंगमंदिरे. १९४९ चा हा कायदा. ज्या काळात पटकी आणि देवी ही शहराची मुख्य संकटे होती त्या काळात ही वाटणी योग्य होती. आज पावणेबारा लाखांहून मोठ्या शहरात मैदान आणि वाचनालय ऐच्छिक मानणे परवडणारे नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांची यादीच दिली आहे. तिच्यात उद्याने आणि क्रीडांगणे आहेत, आणि दुर्बल घटकांचे हितरक्षणही.

क्रांती चौकाकडे पुन्हा पाहिले की हे सगळे एका ठिकाणी दिसते. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचार आणि हत्येनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मोर्चा याच चौकातून विभागीय आयुक्तालयाकडे निघाला. घोषणा नव्हत्या, मुली पुढे होत्या, मागे राहिलेल्यांनी रस्ता झाडला. राज्यभर पुढे निघालेल्या मूक मोर्चांची सुरुवात इथली. २३ मे २०२२ रोजी जवळच्याच पैठण गेटपासून पाण्यासाठी जल आक्रोश मोर्चा पालिकेवर गेला, आणि त्याच महिन्यात वार्षिक पाणीपट्टी ४०५० रुपयांवरून निम्म्यावर आणली गेली. पाणी वाढले नाही, बिल कमी झाले. शिवजयंतीला, स्वातंत्र्यदिनाला, निवडणुकीच्या निकालाला, क्रिकेटच्या विजयाला शहर इथेच जमते. जमण्यासाठी जागा असणे हे लोकशाहीतले भांडवल आहे. चौकाला स्वच्छ मुतारी, सावली, चालायला रुंद फूटपाथ, रस्ता ओलांडायला सुरक्षित वाट आणि बायकांसाठी बसायची जागा देणे हे त्या भांडवलाला व्याज देण्यासारखे आहे. यातले काही झाले, बरेच राहिले.

एप्रिल २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर साडेपाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. या काळात शहराचे नाव बदलले, नवी जलवाहिनी टाकली जात राहिली, रस्ते झाले. पण गल्लीतल्या बाईला नळाची तक्रार घेऊन जायला वॉर्डातला माणूस उरला नव्हता. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले.

नव्या सभागृहाला पुतळ्याची, कमानीची, नामफलकाची मागणी करणारे भरपूर भेटतील. प्रत्येक प्रभागात ठरलेल्या वारी पाणी, एक मोकळे मैदान, एक उघडे वाचनालय आणि रात्री नऊपर्यंत बस मागणारे कमी भेटतील, कारण या मागण्यांचे उद्घाटन होत नाही. नागरिकांनी त्या लेखी द्याव्यात आणि उत्तर लेखी मागावे. महाराष्ट्रातल्या पालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे. आपल्या प्रभागात ती बोलावली जावी यासाठी नगरसेवकाला पत्र पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही.